तिसरी हाक

मूर्तिजापूर
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

सत्या,

सलाम. एकतीस वर्षांनी तुला पत्र लिहायला बसलो आणि मायन्यालाच तीन कागद फाडले. एकावर 'चि. सत्यवती' लिहिलं, ते सदुसष्ट वर्षांच्या बाईला शोभेना. दुसऱ्यावर 'प्रिय' लिहिलं, तेवढा हक्क उरल्यासारखं वाटेना. तिसऱ्यावर कविता सुरू झाली. ती तू फाडलीच असतीस, म्हणून मीच फाडली.

आज आपल्या चर्चमध्ये आकांक्षाची पहिली हाक झाली. आकांक्षा म्हणजे आपल्या गीताची मुलगी. तू गेलीस तेव्हा गीता स्वतःच तेरा वर्षांची होती, आता तिची पोर तेवीसची आहे. अकोल्याला औषधांच्या दुकानात काम करते. मुलगा गोपाल, अकोल्याच्याच मंडळीतला. बोलतो कमी, भांडी मात्र न सांगता उचलतो. लग्न मंगळवारी, सतराला. बुधवारी राखेचा बुधवार, मग ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्यात आपल्याकडे लग्न लागत नाही हे तुला मी काय सांगावं!

काल आकांक्षा विचारत होती, "आबा, तीन-तीन रविवार नावं वाचाले काहून लागते? पत्रिका तं सगळ्यायच्या मोबाईलवर गेली."

मी मास्तरकी सुरू केली. म्हटलं, बाई, पत्रिका म्हणजे आमंत्रण आणि हाक म्हणजे विचारणं. मुलाचं नाव, मुलीचं नाव वाचायचं आणि मंडळीला विचारायचं, या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी. असं तीन रविवार. तिन्ही वेळा मंडळी गप्प राहिली की तिनं हो म्हटलं.

"आन् दोनदाच वाचलं तं?"

"तर लग्न लागत नाही," म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो. माठ रिकामा होता, तरी तिथंच उभा राहिलो.

नवे पाळकसाहेब तरुण आहेत, चर्चच्या कॉन्फरन्सनं गेल्या वर्षी पाठवले. सकाळी साडेनऊला आपल्याकडे उपासना, बाराला दुसऱ्या गावच्या मंडळीत, मोटारसायकलवर. ते म्हणाले, "केशव मास्तर, नातीची हाक तुम्हीच वाचा." म्हणून आज मी पुन्हा त्याच जागी उभा राहिलो. छपरावरचे कवेलू गेले, टिना आल्या. कडुनिंब आहे. बायकांच्या बाजूला खिडकीजवळचा तुझा बाक आहे, त्यावर आता बेबीताई बसते. किसनराव अजून पेटी वाजवतो, तिच्या दोन पट्ट्या मुक्या झाल्यात आणि त्या जागी तो स्वतःच सूर काढतो.

वाचताना मला १९८५ सालचा फेब्रुवारी दिसत होता. तुझी आणि खुशालरावाची तिसरी हाक राहिली ती माझ्या विसरभोळेपणामुळे. चिठ्ठी कुठं पडली ते मला आजही सांगता यायचं नाही. तेव्हाही मी तुला हेच सांगितलं होतं. त्यानंतर दहा वर्षं तू या घरात राहिलीस, माझ्या आईवेगळ्या पोरीला वाढवलंस, आणि एका सकाळी पहिल्या गाडीनं अमरावतीला निघून गेलीस. का, ते मी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. आकांक्षाला तू लग्नात हवी आहेस. तिनं तुला पाहिलेलं नाही, पण तू गीतासाठी विणलेली लाल टोपी तिच्या लहानपणी तिच्या डोक्यावर होती. गीता मात्र ऐकत नाही. परवा मी विषय काढला तर म्हणाली, "जिनं मले तेराव्या वर्षी टाकून देल्लं, तिच्या दारात पत्रिका घिऊन मी काहून जाऊ?"

म्हणून हे पत्र मी तिच्या नकळत लिहितो. तू ये. दीड तासाचा तर रस्ता.

तुझा
दादा


रविवार, ८ फेब्रुवारी

सत्या,

पत्र मिळालं का? सोमवारी टाकलं. बुधवारपासून पोस्टमन दिसला की मी फाटकाशी. त्यानं काल विचारलं, "मास्तर, पेन्शन बँकेत येते ना तुमची? मंग कोनाची वाट पाहून राह्यले?" म्हटलं, कोणाची नाही. दिवसातून दोनदा बसस्टँडवर जातो. अमरावतीची गाडी येते, माणसं उतरतात, कंडक्टर घंटी मारतो, मी परत येतो. सकाळी वर्तमानपत्र घेतो आणि पहिल्या पानावरच माझं वाचन संपतं. चष्मा एका जागी, डबी दुसऱ्या जागी. वर्गात चाळीस पोरांकडून एका चालीत कविता म्हणवून घेणारा माणूस मी, मला आता एक ओळ सलग आठवत नाही.

दुसरी हाक झाली. बाहेर आल्यावर बेबीताई म्हणाली, "मास्तर, नातीच्या लग्नाची हाक वाचून राह्यले का मयताचं वाचून राह्यले? थोडं हासून वाचा ना!" सगळे हसले. मीही हसलो. माझा हात खिशावर होता, चिठ्ठी आहे की नाही ते चाचपत. हाक वाचून झाली होती तरी.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन आहे. वरण, भात, वांग्याची भाजी. बायका लसूण आत्तापासून सोलून ठेवतायत.

उत्तर नाही दिलंस तरी ये.

दादा


मंगळवार, १० फेब्रुवारी

सत्या,

तुझं कार्ड आलं. अक्षर तसंच आहे, 'ग'चा काना लांब. एकच ओळ: 'गीताला माहीत आहे का?' नाव नाही, सलाम नाही.

मी तुला उत्तर लिहिलं की काय माहीत आहे म्हणतेस ते मला कळलं नाही. पाकीट चिकटवलं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. ते पाकीट आता चुलीत आहे. हे दुसरं.

नाही. गीताला माहीत नाही.

चिठ्ठी हरवली नव्हती, सत्या. त्या रविवारी ती माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात होती.

तुला ठाऊक आहे, तूच ती शोधून काढलीस. पण मी तुला माझ्या तोंडानं कधी सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो. त्या सकाळी तू न्हाणीत गीताचं डोकं धूत होतीस आणि गात होतीस. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पोर तीन वर्षांची, रात्री तुझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. मंगळवारी तू लग्न करून भिलाईला जाणार होतीस. मला वाटलं, बुधवारी ती मूठ उघडेल तेव्हा तिच्यात मी काय देऊ? मला वाटलं, एक रविवार. एकच रविवार गेला की उपवासकाळ लागेल, लग्न ईस्टरनंतर. चाळीस दिवसांत पोरीला माझी सवय लागेल. मोडायचं माझ्या मनात नव्हतं, हे देवाला माहीत आहे. पण देवाला माहीत असून तुझ्या काय कामाचं?

उपदेश चालू असताना मी त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं,

थांब जराशी, उंबरठ्याशी ऊन अजून कोवळे,
तू गेल्यावर या भिंतींचे कोण पुसेल डोळे?

यमक जुळलं म्हणून मला त्या वेळी बरंसुद्धा वाटलं. मग मी उठलो. बुधवारची प्रार्थनासभा वाचली, संडे स्कूलची वेळ वाचली, आणि बसलो. तू खिडकीजवळच्या तुझ्या बाकावरून माझ्याकडे पाहिलंस. मी गीतपुस्तक उघडलं.

कोणी मला आठवण करून दिली नाही, त्याचं कारण तुला आणि मला माहीत आहे. आपल्या मंडळीत हरकत घेणारा माणूस कधी उभा राहत नाही. सख्ख्या भावानंच हाक वाचली नाही, तेव्हा सगळ्यांना वाटलं, हरकत घरातूनच आहे. पाळकांनी सांगितलं, तीन म्हणजे तीन, आता ईस्टरनंतर. खुशालरावाच्या रजा संपल्या. त्याचे वडील परतवाड्याहून आले, अंगणात उभे राहूनच बोलले, "भाऊच वाचत नसन तं आमी काय समजाव?" आणि पाणीही न घेता गेले. ईस्टरच्या आत त्यांनी त्याचं दुसरीकडे जमवलं.

तू मला विचारलंस, "दादा, इसरला का?" मी म्हणालो, "हो. चिठ्ठी पडली कुठंतरी." तू मान हलवलीस आणि पोळ्या करायला बसलीस. दहा वर्षं पोळ्या केल्यास.

मग गीताच्या शाळेचा दाखला शोधताना माझ्या कवितांच्या वहीत तुला ती सापडली. माझ्या टेबलावर वही उघडी ठेवलीस, वर चिठ्ठी, कविता लिहिलेली बाजू वर, तिच्यावर शाईची दौत. मी उठलो तेव्हा पहिली गाडी गेलेली होती.

गीताला मी सांगितलं, आत्याला दवाखान्यात नोकरी लागली. ती दर शनिवारी स्टँडवर जाऊन बसायची. मग जाईनाशी झाली. मग 'आत्या' म्हणेनाशी झाली, 'ते बाई' म्हणू लागली. मी ऐकलं. मी मराठीचा शिक्षक, पोरांचे ऱ्हस्व-दीर्घ सोडले नाहीत, आणि हे ऐकून घेतलं. तू तिला एका शब्दानं खरं लिहिलं नाहीस. मला वाटतं, तिच्यापाशी बाप एकच होता म्हणून.

मी तिला सांगतो. रविवारच्या आत.

दादा


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सत्या,

अजून सांगितलं नाही.

बुधवारी ती पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकत होती. काल मी तिला हाक मारली, ती आली, मी म्हणालो, "मीठ कमी होतं का गं वरणात?" ती म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी हाये ना?" रात्रभर सांगायचं वाक्य जुळवतो, सकाळी ते पाठ केल्यासारखं वाटतं, म्हणून टाकून देतो. खोलीत येरझारा घालतो. आकांक्षा म्हणते, आबा, लग्न माझं आहे आणि घोर तुम्हाले!

मला भीती कसली आहे तेही लिहून टाकतो. मी शहात्तरचा. संध्याकाळी औषध घेतलं का म्हणून विचारणारी ती एकटीच आहे.

दादा


रविवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळ

सत्या,

चारच्या गाडीनं तू गेलीस. हे पत्र उद्या आकांक्षा घेऊन येईल, तिला हिरव्या बांगड्या घ्यायला अमरावतीला यायचंच आहे. तू आज जे पाहिलंस ते मी लिहीत नाही. तू दारातून आत येण्याआधीचं लिहितो.

काल दुपारी गीता तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे दुखतात म्हणून मी खाली बसत नाही, त्यामुळे तिचा हात तिथंच थांबला. वहीतून ती जुनी चिठ्ठी काढून मी तिच्या सुपात ठेवली आणि सगळं सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आलंच नाही. तिनं चिठ्ठी वाचली. उलटी केली. कविता वाचली. पुन्हा सुलटी केली.  मग म्हणाली, "मी शनवारी स्टँडवर बसो, तवा तुमी मले घ्याले येत होते ना?"

म्हटलं, "हो."

"रस्त्यानं मले कविता शिकवत येत होते."

"हो."

मला वाटलं, ती रडेल किंवा ओरडेल. ती उठली, खुंटीवरच्या माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि आजच्या हाकेची चिठ्ठी काढून घेतली. "उद्याची हाक तुमी वाचू नोका, बाबा. माह्या पोरीची हाये." जुनी चिठ्ठी मात्र तिनं परत माझ्यासमोर ठेवली. "हे तुमची तुमीच सांभाळा."

सकाळी उठलो तर ती घरात नव्हती. जावई म्हणाले, पहिल्या गाडीनं गेली. कुठं, ते त्यांना माहीत होतं, पण मला सांगायला मनाई होती.

साडेनऊला घंटा झाली. मी माझ्या बाकावर बसलो. चिठ्ठी नाही, गीता नाही. उपदेश सुरू झाला, संपला. अर्पण झालं. तेवढ्यात मागून आकांक्षानं वाकून माझ्या कानात सांगितलं, "आबा, आईचा फोन आला. बडनेऱ्याच्या पुढं गाडी पंक्चर झाली. दोघी आहेत."

दोघी!

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात रिकामे दाखवले. ते खाली उतरून हळूच म्हणाले, "काही हरकत नाही मास्तर, नावं मला पाठ आहेत. मीच वाचतो आणि आशीर्वाद देतो. मला बाराला पुढच्या गावी पोचायचंय." त्यांचं चुकलं नव्हतं. ते वाचते तर तिसरी हाक झाली असती, लग्न सुखरूप. मी गप्प बसलो असतो तर सगळं नीट पार पडलं असतं, आणि तू पोचली असतीस ती रिकाम्या बाकांपाशी. आणि थांबवून गाडी वेळेत आलीच नाही, साहेब निघून गेले, तर? तर पुन्हा ईस्टर. पुन्हा माझ्याच हातून.

मी उभा राहिलो. समोरचा बाक धरला. म्हणालो, "मंडळी, मले थोडा वेळ पाहिजे."

आयुष्यभर चर्चमध्ये मी शुद्ध बोललो, सत्या. आज तोंडातून असंच आलं.

"माही बहीण सत्यवती येऊन राह्यली. तिची तिसरी हाक एक्केचाळीस वर्षांमागं मी वाचली नाई. तुमच्यातल्या जुन्या लोकायले आठवत असन. चिठ्ठी हरपली नव्हती. माह्या खिशात होती. हरकत तिची नव्हती, खुशालरावाची नव्हती. कोनाचीच नव्हती. माही होती, आन् मी उभा नाई राह्यलो. आज उभा हाये. ते येईपर्यंत थांबा, एवढंच मागतो."

 बेबीताईनं तोंडाला पदर लावला. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग ते मनगटावरून काढून खिशात टाकलं. आणि किसनरावानं, कोणी सांगितलं नसताना, पेटीचा भाता उघडला.

एक गीत झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला पोरं चुळबुळू लागली. बाहेरून स्वयंपाकाच्या बाईनं खिडकीत डोकं घातलं, "वरन बुडाले लागून राह्यलं, आमेन केव्हा होते?" किसनराव पेटी न थांबवता ओरडला, "खालून लाकडं वढ!" आणि सगळी मंडळी गाता गाता हसली. चौथं गीत ख्रिसमसचं लागलं, फेब्रुवारीत, कारण पाठ असलेली संपली होती. मी दाराकडे पाहत होतो. घाम पाठीवरून उतरत होता. सहाव्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूचं दार करकरलं.

पुढचं तुला माहीत आहे. गीतानं चिठ्ठी तुझ्या हातात दिली, तू चष्मा लावलास आणि वाचलंस. 'कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी' यानंतर तू थांबलीस. मी वाचताना मनात तीनपर्यंत मोजतो. तू किती मोजलंस? मला वाटलं, उपवासकाळ उलटून गेला. टिनांवर कडुनिंबाची पानं पडत होती, तेवढाच आवाज.

जेवताना तू गीताजवळ बसलीस. ती तुझ्याशी फार बोलली नाही, पण तिनं तुझ्या ताटातलं वांगं उचलून स्वतःच्या ताटात घेतलं. तुला वांगं चालत नाही हे तिला आठवत होतं. माझ्याशी ती दिवसभर बोललेली नाही. आत्ता मात्र दाराशी औषधाची गोळी आणि पाण्याचा पेला ठेवून गेली, न बोलता.

तुला सोडायला मी स्टँडवर आलो, चार पावलं मागे. गाडी लागलेली होती. तू पायरीवर पाय ठेवलास आणि वळलीस.

"मंडळीले थांब म्हनलं म्हने तू?"

"हो."

"थांबली?"

"थांबली. सहा गाणे."

 मग म्हणालीस, "मले काहून नाई म्हनलं रे दादा? कागदाच्या मांगं कविता केली. तोंडानं म्हनून पाह्यचं होतं. पोरीसाठी थांब म्हनला असता तं मी खुशालले सांगून थांबली असती. तो बी थांबला असता."

कंडक्टरनं घंटी मारली. तू आत गेलीस. खिडकीत बसलीस, पण पलीकडच्या.

ती चिठ्ठी सोबत पाठवत नाही. गीता म्हणाली ते खरं, ती मलाच सांभाळली पाहिजे.

मंगळवारी सकाळी अकराला लग्न आहे. ये. आणि लग्न झाल्यावर लगेच जाऊ नकोस. सत्या, थोडे दिवस थांब.

दादा